वाणाच्या कुंड्यांवरची भुरी

दिल्लीच्या आसपास राहणाऱ्या माणसाला कशावरही पांढरं दिसलं की ती धूळच वाटते. आमच्या फरीदाबादच्या सोसायटीसमोर आम्ही आल्यापासून काही ना काही बांधलं जातंय. एक इमारत संपते, लगेच दुसरीचा पाया खणायला घेतात. सकाळी लख्ख पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. त्यामुळे त्या हिवाळ्यात बाल्कनीतल्या कॅलेंड्युलाच्या पानांवर पांढुरके ठिपके दिसले, तेव्हा घरातल्या एकालाही शंका आली नाही. धूळ म्हटली की फडकं, आणि आमच्या घरात फडकं म्हटलं की माझ्या सासूबाई.

त्या कुंड्या कशासाठी होत्या ते आधी सांगते.

नवऱ्याची केंद्र सरकारची नोकरी, म्हणून आम्ही पुणं सोडून इकडे आलो. माझं ऑफिस गुरुग्रामला. इतक्या वर्षांत इथली थंडी, इथला ट्रॅफिक आणि ‘आप मराठी हो? अच्छा, बंबई से?’ हा प्रश्न, सगळंच अंगवळणी पडलं. एक गोष्ट मात्र मी हट्टाने सोडली नाही, संक्रांतीचं हळदीकुंकू. संक्रांत ते रथसप्तमी यांच्या मधला एक रविवार माझा. पुण्यात बायका पाच मिनिटं टेकतात, वाण घेतात आणि पुढच्या घरी पळतात. इथे कोणी नोएडाहून येतं, कोणी मेट्रो बदलत बदलत द्वारकेहून. एवढ्या लांबून आलेली बाई कुंकू लावून घेऊन लगेच कशी निघेल? दुपारी आलेल्या बायका दिवेलागणीपर्यंत बसतात आणि आठवडाभर हिंदी बोलून आखडलेल्या जिभा मोकळ्या करतात. त्या दिवशी आमच्या घरात कोण काय बोलतंय ते कोणालाच ऐकू येत नाही, आणि मला ते फार आवडतं.

सासरे गेले आणि सासूबाई नाशिकचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आल्या. त्या वर्षी सणवार केले नाहीत. वर्ष सरलं, दिवाळी जवळ आली, तसं मी त्यांना सांगून टाकलं, की यंदा हळदीकुंकू करू या आणि तुम्ही बाहेर आमच्यात बसायचं.

“मी आत बसेन,” त्या म्हणाल्या.

“का म्हणून? आई, आता असलं कोणी मानत नाही.”

“लोकांचं नाही गं. त्या मुली काही म्हणणार नाहीत, माहीत आहे मला. माझंच मन घेत नाही. उद्या त्यांच्यातल्या एखादीच्या घरी काही वाईट झालं, तर मी तेच धरून बसेन. माझा हात लागला होता म्हणून.”

लोकांशी भांडायला मला छान जमतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून मी भल्याभल्यांना गप्प केलंय. पण माणूस स्वतःच्याच हाताला घाबरत असेल, तर भांडायचं कोणाशी? मला राग आला. राग आला की मी कपाटं आवरते. त्या दिवशी घरातलं एकही कपाट सुटलं नाही.

आवरताना मागच्या वर्षांची उरलेली वाणं हाती लागली. प्लास्टिकचे डबे, स्टीलच्या वाट्या, आणि एका वर्षी खास पानिपतला जाऊन आणलेले हातमागाचे नॅपकिन. ते आणले तेव्हा नवरा म्हणाला होता, मराठी माणूस पानिपतहून काहीतरी घेऊन परत आला हेच खूप झालं. ते सगळं बघताना वाटलं, नकोच ह्या वस्तू. यंदा प्रत्येकीच्या हातात फुललेली कुंडी द्यायची. नर्सरीत तयार कुंड्या मिळतात, फोन केला तर घरपोच येतात. पण मला तयार नको होत्या.

“आई, बसू नका बाहेर,” मी शक्य तितक्या गरीब आवाजात म्हटलं. “पण वाणाची रोपं तेवढी वाढवून द्याल?”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. माझा डाव त्यांना कळला नसेल असं मला मुळीच वाटत नाही. पण कामाला नाही म्हणायचं त्यांना ठाऊकच नाही.

“कसली रोपं?” त्यांनी विचारलं.

रविवारी आम्ही दोघी नर्सरीतून कॅलेंड्युलाची कोवळी रोपं घेऊन आलो. माती, शेणखत, चिमूटभर निंबोळी पेंड, सगळं त्यांनी गॅलरीत फतकल मारून आपल्या हाताने कालवलं. मला फक्त पिशव्या उचलायची परवानगी होती. त्यानंतर आमच्या घरात सकाळ लवकर व्हायला लागली. सासरे गेल्यापासून उशिरापर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहणाऱ्या बाई उजाडायच्या आत उठून रोपांना रागवू लागल्या. ‘तू का मागे? शेजारचं बघ कसं वाढलंय.’ नवऱ्याने हे आतून ऐकलं आणि मला हळूच म्हणाला, “मला दहावीला अगदी हेच बोलायची.”

कळ्या दिसायला लागल्या, तसं त्या हळूहळू इतर गोष्टींतही शिरू लागल्या. यंदा किती जणी येणार, मागे भेटून गेलेली ती नोएडाची हसरी मुलगी येणार का, खायला काय करणार. एकदा मटार सोलता सोलता म्हणाल्या, “करंज्या मी करते गं. तुझ्या सारणात नेहमी लिंबू कमी असतं.” इतर वेळी माझा पारा चढला असता. त्या दिवशी मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मी मारली नाही. जीभ आवरून गप्प मटार सोलत राहिले, कारण खोलीतून बाहेर पडणाऱ्या माणसाकडे सगळ्यांनी वळून बघितलं तर ते परत आत जातं, असं मला वाटत होतं.

मग थंडी वाढली. नवऱ्याने मोठ्या उत्साहाने बाल्कनीला वरपासून खालपर्यंत पारदर्शक प्लास्टिक लावलं. थंडी अडेल, धूळ अडेल, प्रदूषण अडेल, असं त्याचं म्हणणं. प्लास्टिकच्या आत सगळ्या कुंड्या एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. मी ऑफिसातून आले की हौसेने पानांवर पाणी फवारायचे. सकाळी सासूबाई ओलं फडकं घेऊन एकेका पानावरची धूळ टिपायच्या, ह्या टोकाच्या कुंडीपासून त्या टोकाच्या कुंडीपर्यंत. आम्ही तिघंही रोपांवर आपापल्या परीने माया करत होतो.

धूळ काही जाईना. आज पुसली की परवा परत, आणि आधीपेक्षा जास्त. आधी दोन-चार पानांवर ठिपके होते, मग पीठ भुरभुरल्यासारखी पानंच्या पानं पांढरी झाली. खालची पानं पिवळी पडून मुडपली. एका कळीच्या देठापर्यंत ते चढलं, तेव्हा ही नुसती धूळ नाही हे मलाही कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत फडकं नुसतंच कठड्यावर पडलेलं होतं. सासूबाई खोलीत पलंगावर बसल्या होत्या.

“बघितलंस ना?” त्या म्हणाल्या. “तुला सांगितलं होतं. माझा हात लागला.”

“आई, काहीतरी काय! रोपांना रोग पडतात.”

“सोसायटीत सगळ्यांच्या बाल्कनीत हीच फुलं आहेत. कोणाच्या फुलांना पडला?” आवाज अगदी शांत होता. “तू नर्सरीतून नव्या कुंड्या मागव. ह्या कोणाला देऊ नकोस. त्या मुलींच्या संसारात जायच्या असतात गं त्या.”

नव्या कुंड्या मागवणं फार सोपं होतं. आलेल्या बायकांना फरकही कळला नसता. पण मग सासूबाई कायमच्या त्या खोलीत गेल्या असत्या, आणि ह्या वेळी हातात पुरावा घेऊन. त्यांनी बाल्कनीत पाऊल टाकणं बंद केलं. करंज्यांचं नाव काढेनात. तिळाचे लाडू वळायला घेतले तर म्हणाल्या, घरच्यांपुरते मी वळते, बाहेरच्यांचे तू वळ. ती रोपं जगवायची, तीही ह्याच बाईच्या हाताने, एवढंच मला त्या क्षणी कळत होतं. कशी, ते कळत नव्हतं.

मग मला मामा आठवले. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. नाशिकजवळ त्यांची द्राक्षबाग आहे आणि आवाज असा, की फोनची गरज पडू नये. संध्याकाळी नवऱ्याने व्हिडिओ कॉल लावला आणि मी पान कॅमेऱ्यासमोर धरलं.

“हॅ! ही भुरी आहे!” मामा जुनी ओळख निघाल्यासारखे खूश झाले. “आमची द्राक्षावरची वेगळी, तुमची फुलांवरची वेगळी, पण खानदान एकच. बुरशी असते ती. मला सांगा, हवा कोंडलीय का?”

मी प्लास्टिककडे बघितलं. नवऱ्याने छताकडे बघितलं.

“कुंड्या गर्दीत आहेत?”

“हो मामा.”

“संध्याकाळी पानांवर पाणी मारता?”

आता छताकडे बघायची पाळी माझी होती.

“म्हणजे रात्रभर आत दमट. तिला आणखी काय हवं! पण एवढ्या सगळ्या कुंड्यांवर एका वेळी? पानं कोणी चोळतं का?”

आणि मी, जिला मीटिंगमध्ये प्रत्येक शब्द तोलून बोलता येतो, ती पटकन बोलून गेले, “आई पुसतात ना रोज. एकाच ओल्या फडक्याने, सगळी.”

बोलले आणि जीभ चावली. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या हाताने काही झालेलं नाही हे सिद्ध करायला मी फोन लावला होता, आणि साक्षीदारासमोर नेमकं उलटं सिद्ध करून बसले होते. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. मामांनाही काहीतरी बिनसल्याचं कळलं असावं.

“वाऱ्यानेसुद्धा पसरलीच असती गं ताई,” ते म्हणाले. “फडक्याने जरा लवकर पसरली, एवढंच.”

सासूबाई पुढे आल्या आणि त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

“थांब. ह्या कुंडीवरचं त्या कुंडीवर फडक्यानं गेलं?”

“हो.”

“मी सोडून दुसऱ्या कोणी पुसलं असतं तर?”

“तरी गेलं असतं.”

“हिनं पुसलं असतं तरी?”

“अगं, तिनं काय, दिल्लीत बसलेल्या मंत्र्यानं पुसलं असतं तरी गेलं असतं! भुरीला काय माणसं ओळखू येतात?”

त्यांनी माझ्या हातातलं पान घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाल्या, “म्हणजे चुकलं माझं.” आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, “माझी चूक झाली. प्रत्येक कुंडीला फडकं धुवायला हवं होतं.”

स्वतःची चूक कबूल करताना इतका मोकळा झालेला चेहरा मी कधी पाहिला नव्हता. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच वेळी रडूही आलं. अपशकुनावर काही इलाज नसतो, माणूस तो घेऊन नुसतं बसून राहतं. चूक झाली असेल तर उठून काहीतरी करता येतं. ही साधी गोष्ट मी त्यांना महिनोन्‌महिने पटवू शकले नव्हते, आणि ती एका बुरशीने पटवली.

“आता काय करायचं ते सांग,” सासूबाई भावाला म्हणाल्या. “आणि हळू बोल, शेजारी ऐकतायत.”

मामांनी सांगितलं ते असं. प्लास्टिक आधी काढा. कुंड्या लांब लांब ठेवा, पानाला पान लागता कामा नये. जास्त पांढरी झालेली पानं कात्रीने कापा, पिशवीत घालून तोंड बांधून कचऱ्यात द्या, कुंडीत किंवा खतात टाकू नका. कात्री दर वेळी साबणाने धुवा. पाणी सकाळी आणि मातीलाच. द्राक्षाला ते गंधक मारतात, पण बायकांच्या हातात जाणाऱ्या कुंड्यांवर ते नको. एक वाटी दुधात नऊ वाट्या पाणी घालून ते फवारा, आणि तेही चांगलं ऊन असेल तेव्हाच.

“आणि ताई, जी पानं पांढरी झाली ती परत हिरवी होणार नाहीत. त्यांच्याकडे बघत बसू नकोस. नवी फुटतात ती बघ.”

प्लास्टिक नवऱ्याने त्याच संध्याकाळी निमूटपणे उतरवलं. उन्हाची मात्र पंचाईत होती. जानेवारीतलं इथलं धुकं म्हणजे समोरची इमारतसुद्धा दिसू नये. आमच्या बाल्कनीत तर उघडीप असली तरी ऊन यायचं ते पाहुण्यासारखं, टेकून लगेच जायचं. म्हणून सासूबाईंनी ठरवलं, की कुंड्या गच्चीवर न्यायच्या. लिफ्टमधून खेपा घालून आम्ही त्या वर मांडल्या.

हिवाळ्यात गच्ची म्हणजे आमच्या सोसायटीतल्या बायकांचं दुपारचं घर. ऊन पडलं की चटया पडतात, संत्री सोलली जातात, शेंगांच्या टरफलांचे ढीग होतात. सासूबाई तिथे तोवर एकदाही गेल्या नव्हत्या, हिंदी येत नाही म्हणून. आता दूधपाण्याची बाटली घेऊन रोज जायला लागल्या. मी घरून काम करत होते त्या एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत वर गेले, तर त्या चटईवर मधोमध बसलेल्या.

“माताजी, दूध क्यों डाल रही हो पौधों पे?” एकीने विचारलं.

“बीमार है,” सासूबाई म्हणाल्या. “मेरे फडके से हुआ. अब ठीक करती.”

कोणालाही ‘फडकं’ कळलं नसणार. पण सगळ्यांनी समजल्यासारख्या माना डोलावल्या, आणि एकीने त्यांच्या हातात सोललेलं संत्रं ठेवलं. ते बघत मी जिन्याच्या दारात उभी राहिले. मनातल्या मनात मी कोणाकोणाचे आभार मानले सांगू? मामांचे, उन्हाचे, त्या संत्रं देणाऱ्या बाईचे, अगदी त्या भुरीचेसुद्धा. माझ्या सासूबाई अनोळखी बायकांत बसून ‘माझ्यामुळे झालं’ असं सहज सांगत होत्या आणि संत्रं खात होत्या.

काही रोपं वाचली नाहीत. ती त्यांनी स्वतः उपटून पिशवीत बांधली आणि हात धुतले. बाकीच्यांना नवी पानं फुटली. रोज सकाळी चष्मा लावून त्या पान उलटं करून बघायच्या, फक्त बोटाच्या टोकाने, आणि मला ओरडून सांगायच्या, “स्वच्छ आहे!” हळदीकुंकवाच्या आठवड्यात केशरी-पिवळी फुलं उमलली. खाली बुंध्याशी कापलेल्या देठांच्या खुणा होत्या. मला त्या लपवाव्याशा वाटल्या, कुंड्यांना झालरीचा कागद गुंडाळू या का, असं मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, “कशाला? सांगायचं, रोग पडला होता, बरा केलाय.”

करंज्या त्यांनीच केल्या, लिंबू व्यवस्थित घालून. लाडूही वळले, सगळ्यांसाठी. पण रविवारी सकाळी नेसायला त्यांनी फिकी साडी काढली आणि मला बजावलं, “मी बसणार नाही हं. मी बाल्कनीच्या दारात उभी राहून कुंड्या देईन. एकेकीला सांगावं लागेल ना, नाहीतर घरी जाऊन पुसतील.” मी हो म्हटलं. एवढं मिळालं हेच मला खूप होतं. खरं सांगायचं तर हॉलमध्ये त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती, ती मी उचलून आत नेली.

दुपारी घर भरलं. नेहमीचा कल्ला सुरू झाला. मी हळदीकुंकू लावत होते, अत्तर लावत होते, आणि बाल्कनीच्या दारातून सासूबाईंचं सारखं तेच ऐकू येत होतं. “पानं पुसायची नाहीत. पाणी मातीला. हवेशीर ठेव. पांढरं दिसलं तर लगेच फोन कर.” दिल्लीतच लहानाची मोठी झालेली एक मुलगी म्हणाली, “काकू, भुरी म्हणजे? वो सफेद वाला फंगस?” सासूबाई म्हणाल्या, “बिल्कुल,” आणि स्वतःच हसल्या.

नोएडाची ती हसरी मुलगी उशिरा आली आणि आल्या आल्या निघायची घाई करायला लागली. “सॉरी यार, बसत नाही. आई आलीये पुण्याहून, खाली गाडीत बसलीये.”

“गाडीत का? वर घेऊन ये ना!” मी म्हटलं.

ती गडबडली. “मी म्हटलं तिला. पण बाबा गेल्यापासून ती... ती म्हणाली, हळदीकुंकू आहे, मी कशाला. तू जाऊन ये.”

हॉल एकदम गप्प झाला. त्या शांततेत बाल्कनीच्या दारातून सासूबाई पुढे आल्या. हातात एक कुंडी होती. त्यांनी कोणाकडेही पाहिलं नाही. खुंटीवरची शाल अंगावर घेतली, पायांत चपला सरकवल्या आणि लिफ्टने खाली गेल्या.

आम्ही सगळ्या बाल्कनीत धावलो. खाली गेटजवळ ती गाडी उभी होती. सासूबाईंनी काचेवर टकटक केलं. काच खाली झाली. काय बोलणं झालं ते एवढ्या वरून कळणं शक्य नव्हतं. मग मागचं दार उघडलं आणि सासूबाई कुंडी घेऊन आत गाडीतच जाऊन बसल्या. दार लागलं. बराच वेळ काही झालं नाही. माझ्या शेजारी ती मुलगी कठडा घट्ट धरून उभी होती, आणि मी तिचा हात धरला होता.

शेवटी गाडीची मागची दोन्ही दारं उघडली.

त्या दोघी आल्या, तेव्हा आम्ही सगळ्या काहीच पाहिलं नसल्यासारख्या परत सतरंजीवर दाटीवाटीने बसलो होतो, आणि कोणालाच विषय सुचत नव्हता. पाहुण्या बाईंनी कुंडी छातीशी धरलेली होती. त्या उंबऱ्याच्या आत येऊन थबकल्या. सासूबाईंनी त्यांचा दंड धरला, त्यांना हॉलच्या मधोमध आणलं आणि खाली बघत म्हणाल्या, “सरका गं जरा. आम्हाला दोघींना बसायचंय.”

सगळ्या सरकल्या.